मुंबईला आता दोन विमानतळ: वाढती विमानं कुठे जाणार? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून प्रवासी विमानं उडू लागली. तेव्हापासून डोंबिवलीच्या लोकलपासून पुण्याच्या सोसायट्यांच्या ग्रुपपर्यंत तेच ते प्रश्न फिरत आहेत. त्यातले नेहमीचे इथे घेतले आहेत. सोयीसाठी छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाला, म्हणजे टर्मिनल २ आणि सांताक्रूझकडचं टर्मिनल १ मिळून, सगळीकडे ‘सहार’ म्हटलं आहे.

सहारलाच आणखी एक धावपट्टी बांधली असती तर भागलं नसतं का?

सहारला धावपट्ट्या दोन आहेतच, पण त्या एकमेकींना छेदतात. मुख्य धावपट्टी ०९/२७ जवळजवळ साडेतीन किलोमीटर लांब आहे, दुसरी १४/३२ तिच्याहून आखूड. एकीवर विमान उतरत असेल तर दुसरीवरून सोडता येत नाही, म्हणून प्रत्यक्षात एका वेळी एकच चालते. एवढ्यावर मुंबईने गर्दीच्या तासाला ४६ विमानांची ये-जा सांभाळली, म्हणजे साधारण ७८ सेकंदांना एक विमान. ११ नोव्हेंबर २०२३ या एका दिवशी तर १,०३२ विमानांची ये-जा झाली. हवाई नियंत्रण कक्षातल्या लोकांचं कौतुक करावं तेवढं थोडंच, पण असे विक्रम रोज करावे लागणं हे काही चांगलं लक्षण नव्हे.

नवी समांतर धावपट्टी घालायला जागा नाही. एका बाजूला कुर्ला-जरीमरी, दुसऱ्या बाजूला पार्ले-सांताक्रूझ, आणि विमानतळाच्या स्वतःच्या जमिनीवर वर्षानुवर्षं वसलेल्या झोपडपट्ट्या. त्यांच्या पुनर्वसनाच्या योजना किती आल्या आणि किती गेल्या, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

एकाच धावपट्टीवर सगळा भार असला की आणखी एक धोका असतो. जुलै २०१९ च्या पहिल्या रात्री भर पावसात एक विमान मुख्य धावपट्टीच्या पुढे जाऊन रुतलं. ते बाहेर काढेपर्यंत काही दिवस आखूड धावपट्टीवर भागवावं लागलं आणि शेकडो उड्डाणांचं वेळापत्रक कोसळलं. पावसाळ्याआधीच्या देखभालीसाठी तर दरवर्षी दोन्ही धावपट्ट्या एक दिवस काही तास बंदच ठेवतात. दुसरा विमानतळ हवा तो वाढीसाठी, तसाच अशा दिवसांसाठीही.

२०२४ मध्ये सहारची उड्डाणं कमी केली होती, ती का?

केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये गर्दीच्या वेळी तासाला ४६ ऐवजी ४४ आणि इतर वेळी ४४ ऐवजी ४२ अशी मर्यादा घालायला लावली. खाजगी जेटच्या वेळाही आवळल्या. विमानं उतरण्यासाठी हवेत घिरट्या घालत होती, इंधन जळत होतं आणि एका विमानाचा उशीर दिवसभर पुढच्या विमानांवर चढत होता. क्षमता संपते ती अशी. कागदावर आकडा शिल्लक असतो, पण वेळापत्रकात ढील उरत नाही. २०२४-२५ या वर्षात सहारने सुमारे साडेपाच कोटी प्रवासी हाताळले. त्याच्या दोन्ही टर्मिनलांची मिळून क्षमताही जवळपास तेवढीच आहे.

नवी मुंबईचा विमानतळ नेमका केवढा आहे?

क्षेत्र १,१६० हेक्टर. पहिल्या टप्प्यात एक टर्मिनल, एक धावपट्टी आणि वर्षाला २ कोटी प्रवासी. सगळे टप्पे पूर्ण झाल्यावर ९ कोटी प्रवासी. मोठा फरक धावपट्ट्यांमध्ये आहे. आराखड्यातल्या दोन धावपट्ट्या, प्रत्येकी ३,७०० मीटर, एकमेकींना समांतर आणि पुरेशा अंतरावर आहेत. दुसरी तयार झाली की एकीवर उतरणं आणि दुसरीवरून उडणं एकाच वेळी चालू शकेल.

वेळ मात्र फार लागला. केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी २००७ ची, पर्यावरण परवानगी २०१० ची, भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ चं आणि उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ चं. मधल्या काळात उलव्याची टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं हलवली. आणि सुरुवात झाली ती सकाळी ८ ते रात्री ८ या वेळात, दिवसाला २३ उड्डाणांनी. २३ हा आकडा वाचून अनेकांनी नाकं मुरडली, पण नवा विमानतळ असाच सुरू करायचा असतो. सामानाचे पट्टे, सुरक्षा तपासणी, इंधन, अग्निशमन हे सगळं कमी गर्दीत रुळू द्यावं लागतं. पहिल्याच दिवशी सगळं झोकून देणाऱ्या विमानतळांवर सामानाचे डोंगर साचल्याचे किस्से जगभर आहेत.

मग सहार बंद होणार का?

नाही. गोंधळ होतो तो बंगळुरू आणि हैदराबादच्या आठवणीने. २००८ मध्ये तिथे नवे विमानतळ सुरू झाले तेव्हा एचएएल आणि बेगमपेट या तिथल्या जुन्या विमानतळांवरची नियमित प्रवासी वाहतूक थांबवली गेली, कारण नव्या विमानतळांशी झालेल्या करारातच तसं होतं. मुंबईत असा विचार नव्हता आणि तो परवडणाराही नाही. साडेपाच कोटी प्रवासी दोन कोटींच्या टर्मिनलात मावणार कसे?

सांताक्रूझचं जुनं टर्मिनल १ पाडून नवं बांधायची योजना आहे, तीही एकदा पुढे ढकलली गेली. ते पाडायला घेतील तेव्हा तिथल्या विमानांना दुसरीकडे जागा लागेल. सरकारी हुकमापेक्षा हीच गरज नवी मुंबईच्या वाढीला जास्त रेटा देईल, असा माझा अंदाज आहे.

सरकारने सरळ आदेश काढावा: आंतरराष्ट्रीय इकडे, देशांतर्गत तिकडे. त्यात अवघड काय?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि याचं उत्तर कॅनडात मिळतं. मॉन्ट्रियलने १९७५ मध्ये मिराबेल नावाचा अवाढव्य विमानतळ उघडला. त्यासाठी शेतकऱ्यांच्या हजारो एकर जमिनी घेतल्या. अमेरिकेची सोडून बाकी आंतरराष्ट्रीय उड्डाणं सक्तीने तिथे नेली आणि देशांतर्गत उड्डाणं जुन्या डोर्व्हलवर ठेवली. म्हणजे लंडनहून येऊन पुढे कॅनडातल्या दुसऱ्या शहराला जायचं तर एका विमानतळावर उतरा, बॅगा उचला, रस्त्याने दुसरा गाठा. दोघांना जोडणारी जलद रेल्वे ठरली होती, ती झालीच नाही. प्रवाशांनी मग मॉन्ट्रियल टाळून टोरांटोहून विमान बदलायला सुरुवात केली. १९९७ मध्ये सक्ती उठली, २००४ मध्ये मिराबेलचं शेवटचं प्रवासी विमान उडालं आणि २०१४ मध्ये टर्मिनल पाडायला घेतलं. जमिनीचा मोठा भाग परत करावा लागला.

मिलानची गोष्ट थोडी वेगळी. १९९८ मध्ये इटलीने शहराजवळच्या लिनाते विमानतळावरून बहुतेक उड्डाणं दूरच्या माल्पेन्साला हलवण्याचा आदेश काढला. युरोपीय आयोगाने तो अडवला. माल्पेन्साला जाणारी रेल्वे अजून तयार नव्हती आणि नियम असे होते की त्यातून देशी कंपनी अलितालियाचा फायदा व्हावा. पुढे दहा वर्षांनी अलितालियानेच माल्पेन्सातून अंग काढून घेतलं.

न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाचा नियम मात्र टिकला. १,५०० मैलांपेक्षा लांबची विमानं तिथून सोडायची नाहीत, शनिवार आणि डेन्व्हर एवढे अपवाद. तो टिकला कारण तो एका सेवेचे दोन तुकडे करत नाही. लांबच्या प्रवासाला जेएफके आणि न्यूअर्क आहेत, आणि तिथून देशांतर्गत विमानंही मिळतात.

मुंबईत आंतरराष्ट्रीय आणि देशांतर्गत अशी फाळणी केली तर नागपूर किंवा संभाजीनगरहून येऊन लंडनचं विमान धरणाऱ्याची मिराबेलसारखीच फरपट होईल. तो मग दिल्लीहून जाईल. दोन्ही विमानतळांवर दोन्ही प्रकारची उड्डाणं हवीत.

कंपन्या स्वतःहून जातील का मग?

जातील, पण सहारची जागा सोडून नव्हे. विमान उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ, म्हणजे स्लॉट, गर्दीच्या विमानतळावर सोन्यासारखी असते. जगभरच्या नियमानुसार कंपनीने हंगामात ८० टक्के वापर केला की पुढच्या वर्षी तोच स्लॉट तिच्याकडेच राहतो. सकाळी सातचा सहारचा दिल्ली स्लॉट कोणती कंपनी सोडेल? म्हणून हलवाहलव होते ती नव्या विमानांची. सहारला जागा नसल्याने जे मार्ग सुरूच करता येत नव्हते ते आधी नवी मुंबईला येतात. मग आडवेळचे स्लॉट. मुंबई-दिल्ली, मुंबई-बंगळुरूसारख्या मार्गांवर दोन्हीकडून उड्डाणं होतात. व्यावसायिक प्रवाशांचा गाभा सगळ्यात शेवटी हलतो, कधी हलतही नाही.

या क्रमाचा एक फायदा फारसा बोलला जात नाही. सहारला ७० आसनांच्या छोट्या एटीआर विमानाला एक स्लॉट लागतो आणि तीनशे आसनांच्या विमानालाही एकच. त्यामुळे नांदेड, जळगाव, कोल्हापूर या शहरांची मुंबई सेवा कायम सावत्र राहिली: भलत्या वेळा, बंद पडणारी उड्डाणं. सोलापूर-मुंबई विमान सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. नवी मुंबईत पहिल्या काही वर्षांत स्लॉटची चणचण नसेल. राज्य सरकारने त्यातले सकाळ-संध्याकाळचे स्लॉट आत्ताच छोट्या शहरांसाठी मागून घ्यावेत. पाच वर्षांनी ते मिळणार नाहीत.

दोन्ही विमानतळ एकाच समूहाकडे आहेत. हे चांगलं की वाईट?

२०२१ पासून दोन्हींचं व्यवस्थापन अदानी समूहाकडे आहे. सहारमध्ये २६ टक्के वाटा भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा आहे आणि नवी मुंबईत तेवढाच सिडकोचा.

एकाच मालकाच्या बाजूचा मुद्दा असा की वाटणी सुसूत्र होते. न्यूयॉर्कचे तिन्ही मोठे विमानतळ पोर्ट ऑथॉरिटीकडे आहेत. ओसाकाचे इतामी, कन्साई आणि कोबे हेही आज एकाच कंपनीकडे आहेत. एका ठिकाणी गर्दी झाली तर दुसरीकडे वळवणं सोपं जातं.

विरोधातला मुद्दा लंडनचा. तिथे हीथ्रो, गॅटविक आणि स्टॅनस्टेड तिन्ही बीएए कंपनीकडे होते. स्पर्धा नसल्याने प्रवाशांचं नुकसान होतं असं म्हणत तिथल्या स्पर्धा आयोगाने २००९ मध्ये गॅटविक आणि स्टॅनस्टेड विकायला लावले.

तिसरं उदाहरण लॉस एंजेलिसचं. आपल्याला त्यातून जास्त शिकण्यासारखं आहे, कारण तिथे ‘वाढ सगळ्या विमानतळांत पसरवू’ हेच अधिकृत धोरण होतं. मुख्य एलएएक्स आणि पूर्वेकडचा ऑन्टारियो, दोन्ही लॉस एंजेलिस शहराच्या ताब्यात होते. धोरण पसरवण्याचं होतं, पण ऑन्टारियोचे प्रवासी २००७ च्या सुमारे ७२ लाखांवरून काही वर्षांत ४० लाखांच्या आसपास आले. मंदी होतीच, पण मालकाचं सगळं लक्ष आणि पैसा एलएएक्समध्ये जातो, अशी तिथल्या लोकांची तक्रार होती. भांडून भांडून नोव्हेंबर २०१६ मध्ये त्यांनी विमानतळ स्थानिक संस्थेकडे घेतला, आणि नंतर तो सावरला.

मुंबईत लोभाची दिशा उलटी असू शकते. सहारच्या महसुलातले ३८.७ टक्के विमानतळ प्राधिकरणाला द्यावे लागतात, नवी मुंबईतले १२.६ टक्के सिडकोला. खर्च, कर्ज, दरनियमन हे सगळं वेगळं असल्याने नुसत्या या दोन आकड्यांवरून नफा काढता येत नाही. तरी शंभर रुपयांतले जास्त कुठे हातात राहतात हे दिसतं. त्यामुळे नवी मुंबई दुर्लक्षित राहील ही भीती मला वाटत नाही. उद्या सहारची क्षमता कमी करायचा प्रस्ताव आला, तर तो सुरक्षेसाठी आहे की हिशेबासाठी, हे विचारणारं कोणीतरी हवं. ते काम नियामकाचं आहे, आणि प्राधिकरणाचंही, कारण त्याचा वाटा त्यात बुडेल.

नवी मुंबईहून तिकीट स्वस्त पडेल का?

विमानतळामुळे नाही. वापरकर्ता विकास शुल्क तिकिटातच धरलेलं असतं. नवी मुंबईच्या सुरुवातीच्या तात्पुरत्या दरानुसार देशांतर्गत निघणाऱ्या प्रवाशाला ते ६२० रुपये होतं. सहारसाठी २०२५ मध्ये ठरलेला दर १७५ रुपये होता. दर बदलत राहतात, तिकीट काढताना तपशील बघावा.

हा फरक समजण्यासारखा आहे. नव्या बांधकामाचा खर्च थोड्या प्रवाशांवर पडतो. पण वाहतूक पसरवायची असेल तर हे गणित उफराटं आहे: जे भरून वाहतंय ते स्वस्त, जे रिकामं आहे ते महाग. सहारला सकाळी सहा ते दहा या वेळात जास्त शुल्क आणि नवी मुंबईला सवलत, असं करायला काय हरकत आहे?

स्वस्त तिकीट मिळालंच तर ते स्पर्धेमुळे मिळेल. जास्त स्लॉट म्हणजे जास्त आसनं, आणि सणासुदीला मुंबईची भाडी जी आकाशाला भिडतात ती थोडी खाली येतील.

मी अमुक ठिकाणी राहतो. मला कोणता विमानतळ सोयीचा?

पनवेल, खारघर, बेलापूर, उरण, अलिबाग, कर्जत: नवी मुंबई, विचार करायची गरज नाही. डोंबिवली-कल्याणकरांनाही बहुधा तेच, शिळफाट्याच्या कृपेवर अवलंबून. ठाण्यात दोन्ही बाजूंनी वाद घालता येईल. दक्षिण मुंबई आणि दादर-परळकरांना अटल सेतूवरून नवी मुंबई वाटते त्याहून जवळ आहे, पण कारला एका फेरीचा २५० रुपये टोल धरा. मात्र मेट्रो ३ पूर्ण झाल्यापासून कफ परेडहून थेट सहारच्या दोन्ही टर्मिनलांपर्यंत जाता येतं, त्यामुळे हातात एकच बॅग असणारा सहारलाच जाईल. बोरिवली, वसई, विरार: सहार, दुसरं काही सांगू नका.

पुणेकरांचा फायदा सगळ्यात मोठा. एक्स्प्रेस-वे कळंबोलीला संपतो आणि खरी परीक्षा तिथून पुढे सुरू व्हायची: सायन-पनवेल रस्ता, वाशीचा खाडीपूल, मानखुर्द, चेंबूर, कुर्ला. पहाटे तीनच्या विमानासाठी संध्याकाळी सातला कोथरूडहून निघणारी कुटुंबं यामुळेच. नवी मुंबई त्या सगळ्याच्या अलीकडे आहे. अमेरिकेत-युरोपात मुलं असलेल्या पुण्यातल्या आईवडिलांना लांब पल्ल्याची विमानं नवी मुंबईहून कधी मिळतात, एवढंच बघायचंय.

रेल्वेने जायचं तर नेरूळ-उरण मार्गावरचं तरघर हे जवळचं स्थानक. दोन्ही विमानतळांना जोडणारी सुमारे ३५ किलोमीटरची मेट्रो ८ अजून उभी राहायची आहे. मिराबेल आणि माल्पेन्साचा धडा लक्षात घेता, विमानतळ आधी आणि रेल्वे नंतर हा क्रम आपणही गिरवला, हे खेदाने नोंदवावं लागतं.

एक विमान सहारला उतरतं आणि पुढचं नवी मुंबईहून आहे. जमेल?

एकाच तिकिटावर असेल तर कंपनीला विचारा. वेगवेगळी तिकिटं असतील तर पाच-सहा तासांहून कमी अंतर ठेवू नका, पावसाळ्यात तेही अपुरं पडू शकतं. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीवर जबाबदारी नसते. बुकिंग करताना बीओएम म्हणजे सहार आणि एनएमआय म्हणजे नवी मुंबई हे दोनदा वाचा. नुसतं ‘मुंबई’ शोधलं की काही साइट दोन्ही एकत्र दाखवतात.

विमानतळ दोन झाले, आकाश तर एकच ना?

अगदी बरोबर, आणि हे कोणी फारसं सांगत नाही. दोन्ही विमानतळ हवेतून जवळ आहेत. पूर्वेकडून सहारला उतरणारी विमानं आणि नवी मुंबईची विमानं एकाच आकाशात वावरतात, शेजारी डोंगर आहेत आणि पावसाळ्यात ढगही. येण्या-जाण्याचे मार्ग उंचीने आणि दिशेने वेगळे ठेवावे लागतात. म्हणून ‘सहारचे ४४ अधिक इथले ४४’ अशी बेरीज करता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये एका विमानतळाचा वारा बदलला की शेजाऱ्याचं वेळापत्रक हलतं. आपल्याकडे टर्मिनलच्या कमळाच्या आकारावर जेवढं लिहून आलं त्याच्या दहावा भागही हवाई मार्गांच्या रचनेवर आलं नाही.

हापूस आता नवी मुंबईहून जाईल का?

वाशीचं बाजार समितीचं आवार आणि पणन मंडळाचं विकिरण केंद्र नवी मुंबईतच आहेत. अमेरिकेला जाणारा आंबा तिथे प्रक्रिया होऊन आजवर खाडी ओलांडून सहारला जात आला. आता विमानतळ दारात आला आहे. पण बरीचशी नाशवंत निर्यात मालवाहू विमानांतून जात नाही, ती प्रवासी विमानांच्या पोटातून जाते. लांब पल्ल्याची प्रवासी विमानं सहारला असतील तोवर पेट्याही तिकडेच जातील. आखाती देशांची रोजची उड्डाणं सुरू झाली की भाजी-फळांचं चित्र सगळ्यात आधी बदलेल.

गोव्यात दोन विमानतळ आधीच झाले. तिथे काय घडलं?

दाबोळी हा नौदलाच्या आयएनएस हंसा तळावरचा विमानतळ. नौदलाच्या सरावाच्या वेळांत नागरी विमानांना मर्यादा. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ ला सुरू झाला, खाजगी कंपनीकडे, चोवीस तास खुला. सरकार म्हणत राहिलं की दाबोळी बंद होणार नाही, आणि तो झालाही नाही. पण नव्या कंपन्या मोपाला गेल्या, आणि जून २०२४ मध्ये कतार एअरवेजनेही दाबोळी सोडून मोपा धरलं. कोणी आदेश दिला नव्हता. मोकळ्या वेळा जिथे, विमानं तिथे.

त्रास झाला तो मुरगाव-सासष्टीकडच्या हॉटेलवाल्यांना आणि टॅक्सीवाल्यांना. त्यांचा धंदा दाबोळीवर उभा होता, आणि मोपा राज्याच्या दुसऱ्या टोकाला पेडण्यात आहे. दक्षिण गोव्यातली नाराजी अजून धुमसते आहे.

पण खरा फटका गोव्याबाहेर बसला. सिंधुदुर्गाचा चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये मोठ्या गाजावाजात सुरू झाला. सव्वा वर्षात मोपा उघडला. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग इथल्या माणसाला मोपा जवळ, तिथे दिवसभर विमानं, आणि भाडंही बरेचदा कमी. चिपीला दिवसातून एखादं छोटं विमान, तेही कधी रद्द. छोट्या शहरांच्या विमानसेवेसाठी असलेल्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेतली तीन वर्षांची मदत संपली तशी २०२४ मध्ये अलायन्स एअरची मुंबई सेवा थांबली. दोन राज्यांनी शेजारी-शेजारी विमानतळ बांधले आणि एकमेकांशी बोलले नाहीत, याची किंमत मालवण-कुडाळकर मोजत आहेत.

आता पुण्याला पुरंदरच्या प्रस्तावित विमानतळाची गरज उरते का?

उरते, पण सांगितलं जातं त्या आकाराची नाही, असं माझं मत. पुण्याचा आजचा विमानतळ, लोहगाव, हवाई दलाचा तळ आहे. वर्षाला सुमारे एक कोटी प्रवासी, जुलै २०२४ पासून नवं टर्मिनल, तरी धावपट्टी आखूड आणि मालकी दुसऱ्याची. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या कामासाठी प्रवासी वाहतूक दोन आठवडे पूर्ण बंद होती, हे पुणेकर विसरलेले नाहीत.

पण पुरंदरच्या सात गावांना जे अंदाज दाखवले जातात, त्यात पुण्याचे परदेशी प्रवासी नवी मुंबईला किती जातील हे वजा केलेलं दिसत नाही. लांब पल्ल्याचं विमान भरायला एका ठिकाणी बरीच गर्दी जमावी लागते, आणि ती नवी मुंबईत आधी जमेल. पारगाव, वनपुरी, कुंभारवळणच्या शेतकऱ्याला अंजीर-सीताफळाची बाग सोडायला सांगायची, तर हा हिशेब आधी उघड मांडायला हवा. केंद्राच्या २००८ च्या धोरणानुसार दीडशे किलोमीटरच्या आतल्या नव्या विमानतळाचा निर्णय परिणाम तपासून, प्रकरणागणिक घ्यायचा असतो. ती तपासणी लोकांसमोर यावी.

नाशिक, शिर्डी, संभाजीनगर मुंबईचा भार उचलतील?

जवळजवळ नाही. माणूस विमानतळासाठी गाव निवडत नाही, कामासाठी निवडतो. नाशिकच्या ओझरहून दिल्लीचं थेट विमान मिळालं तर कसाऱ्याचा घाट उतरून मुंबईला येणारे काही लोक वाचतात, शिर्डीचे भाविकही. हे त्या-त्या शहरासाठी मोलाचं आहे, पण मुंबईच्या साडेपाच कोटींत त्याने फरक पडत नाही.

आवाज, उंचीची बंधनं, जमिनी: याचं ओझं कोण उचलतं?

सहारभोवतीच्या फनेल क्षेत्रात, म्हणजे विमानांच्या चढ-उताराच्या वाटेखालच्या पार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपरच्या काही भागांत, उंचीच्या बंधनामुळे जुन्या इमारतींचा पुनर्विकास रखडला आहे. सहार चालूच राहणार असल्याने ती बंधनंही राहणार. आता उलवे आणि आसपासच्या भागांनाही तसेच नियम. तिथे घर घेणाऱ्याने खिडकीतून खाडी दिसते का एवढंच न बघता विमानाची वाट कुठून जाते तेही बघावं.

जमिनीचा इतिहास जुना आहे. सिडकोविरुद्धच्या १९८४ च्या जासई आंदोलनात पाच शेतकऱ्यांचा बळी गेला. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील, आणि त्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. विमानतळासाठी विस्थापित झालेल्यांना साडेबावीस टक्के मिळाले ते त्याच परंपरेतलं. विमानतळाला पाटलांचं नाव द्यावं म्हणून २०२१ मध्ये रस्त्यावर उतरलेली गर्दी केवळ नावासाठी नव्हती. विधिमंडळाने तसा ठराव २०२२ मध्ये केला.

वाढवणजवळ तिसरा विमानतळही होणार म्हणतात. खरं का?

प्रस्ताव बोलला जातो. वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली, आणि त्याच्या आसपास समुद्रात भराव घालून विमानतळ करायची कल्पना आहे. वसई-विरार-पालघरकरांना आज सहारशिवाय पर्याय नाही, त्यामुळे कल्पना अगदीच हवेतली नाही. पण नवी मुंबईची दुसरी धावपट्टी आणि मेट्रो ८ बाकी असताना तिसऱ्यासाठी समुद्र भरायला घेणं म्हणजे तिन्हींना अर्धपोटी ठेवणं. डहाणू-वाढवणच्या मच्छीमारांचा बंदरालाच विरोध आहे, त्यांना विमानतळाबद्दल कोणी विचारलेलंही नाही.